मंगळवारचा सहावा स्लॉट

कोणी काही फुकट देतो म्हटलं की मी आधी त्याच्या मागच्या दाराकडे बघतो. हा स्वभाव जन्मजात नाही, नोकरीतून आलेला आहे. वीज खात्याच्या तपासणी पथकात मी एकतीस वर्षं काढली. मीटर अजिबात फिरत नसेल तर तो माणूस चोर, आणि बेताने फिरत असेल तर हुशार चोर, हे तिथलं पहिलं शिक्षण. निवृत्त झाल्यावर मीटर सुटले, नजर काही सुटली नाही. दूधवाला हसला तरी मी आधी दुधाकडे बघतो.

म्हणून शेजारचे सुब्रमण्यम जेव्हा वर्तमानपत्राची घडी नाचवत आमच्या तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, येऊन बसले आणि म्हणाले, "राव सार, युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत रेकॉर्डिंग स्टुडिओ उघडलाय. ऑडिओ, व्हिडिओ, दोन्ही. बाहेरच्या माणसांनाही फुकट," तेव्हा मी एकच प्रश्न विचारला. "का?"

सुब्रमण्यम हे शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्याकडे प्रत्येक 'का'ला उत्तर असतं आणि ते दर आठवड्याला बदलतं. ते म्हणाले, "ज्ञानाच्या प्रसारासाठी." मग आवाज खाली आणून म्हणाले, "नाहीतर तुमचं गाणं घेऊन परदेशात विकत असतील. बघून घ्या."

इथे गाण्याचं सांगितलं पाहिजे, कारण सगळं रामायण त्यापायी झालं. तंजावरात आमचं घराणं पिढ्यान् पिढ्यांचं. बाहेर तमिळ, घरात मराठी. आमच्या घरात मूल जन्मलं की बाराव्या दिवशी बायका आतल्या खोलीत पाळण्याभोवती बसतात आणि घराचा पाळणा म्हणतात. या पाळण्यात घरात जन्मलेल्या प्रत्येक मुलाचं एक कडवं आहे, वयाच्या क्रमाने, आणि प्रत्येक कडव्यात त्या मुलाची थट्टा. नवं मूल आलं की शेवटी त्याचं कडवं जोडायचं. दर वेळी पहिल्यापासून सगळी म्हणायची, एकही गाळायचं नाही. सध्या एकतीस कडवी आहेत. सगळ्यात शेवटचं माझी नात लावण्या हिचं. ती मराठी समजते पण उत्तर तमिळमध्ये देते. पुरुषांनी हा पाळणा ऐकायचा नाही. त्यांनी बाहेर तिण्णैवर बसून कॉफी प्यायची.

आता पूर्ण पाळणा येणारी एकच बाई उरली आहे, ती म्हणजे माझी काकू, चंद्रमती. वय शहाऐंशी. मला वाढवलं तिनेच. माझी आई मी आठ दिवसांचा असताना गेली. तिचा चेहरा मला फक्त एका फोटोतून माहीत आहे, आणि त्या फोटोतही ती दुसरीकडे बघते आहे.

मी सगळ्यांना सांगितलं की आपली भाषा टिकली पाहिजे म्हणून रेकॉर्डिंग करायचं आहे. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण वेगळं होतं, आणि ते मी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. लहानपणापासून मी तिण्णैवरून कान लावून पाळणा ऐकत आलो. सतरावं कडवं माझा चुलतभाऊ रघुराम याचं. तो माझ्याहून तीन महिन्यांनी मोठा. त्याच्यानंतर क्रमाने माझं यायला पाहिजे. पण रघुरामाचं संपलं की आत एकदम शांतता व्हायची, कोणीतरी खोकायचं, आणि पुढे सरळ राजलक्ष्मीचं सुरू. माझं कडवं मी कधीच ऐकलं नाही. याचा अर्थ स्पष्ट होता. ते इतकं वाईट होतं की मी बाहेर बसलोय हे माहीत असल्यामुळे त्या गाळत होत्या. रघुरामाला विचारलं तर तो हसतो. बायकोला, म्हणजे मंगलाला, गेली चाळीस वर्षं विचारतोय. ती म्हणते, "बायकांचं आहे तें. तुम्हांस कशाला?" सहासष्ट वर्षांचा माणूस आपल्याच घरात आपल्याबद्दल काय गायलं जातं हे न कळता मरणार, ही गोष्ट मला सहन होत नव्हती.

त्यात काकूच्या दातांची भर पडली. उरलेले सातही दात काढायचे असं डॉक्टरने सांगितलं आणि गुरुवारची तारीख दिली, तीन आठवड्यांनंतरची. दात गेले की काकूची निम्मी अक्षरं हवेत जाणार. माझं कडवं ऐकायला मिळालं तरी कळणार नाही, अशी वेळ.

म्हणून मी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत गेलो. तिथे विनुता नावाच्या सहायक ग्रंथपाल होत्या. कपाळावर मोठी टिकली, चेहऱ्यावर एकही सुरकुती नाही, आणि आवाज असा की ओरडल्या तरी कुजबुजल्यासारखं वाटावं. त्यांनी मला एक फॉर्म दिला. फॉर्म तीन प्रतींत. पहिला रकाना, प्रकल्पाचं नाव. दुसरा, मार्गदर्शकाचं नाव. तिसरा, या रेकॉर्डिंगमधून विद्यार्थ्यांना काय शिकायला मिळेल. मी लिहिलं, "धीर." चौथा रकाना बघून मी चष्मा पुसला. गाण्याचे हक्क कोणाकडे?

"हे कशाला पाहिजे?" मी विचारलं.

"नियम आहे, सर."

"म्हणजे गाणं तुमचं होणार?"

"तुमचंच राहील, सर. एक प्रत आमच्याकडे राहील."

प्रत ठेवणार! मी तिथल्या तिथे रकान्यात लिहिलं, "हक्क चंद्रमती यांच्याकडे, आणि त्या कोणालाही देणार नाहीत," आणि खाली सही केली. मग मार्गदर्शक म्हणून सुब्रमण्यमांचं नाव घातलं. त्यांना मराठी येत नाही, पण मार्गदर्शन करायला त्यांना कधीच काही यावं लागलं नाही.

फॉर्म घेऊन विनुताबाईंनी भिंतीवरचा तक्ता दाखवला. सोमवार ते शनिवार, दिवसाला सात स्लॉट, एक ते सात असे आकडे. प्रत्येक चौकोनात कोणा ना कोणाचं नाव. संगीत विभाग, नाटक विभाग, भाषा विभाग, कोणीतरी वीणावाले, कोणी वाद्यांचे संशोधक. पुढचे तीन आठवडे भरलेले. मी निराश होऊन वळणार तेवढ्यात जुनी नजर जागी झाली.

प्रत्येक दिवशी एक चौकोन रिकामा होता. फक्त एक.

सोमवारी पहिला. मंगळवारी सहावा. बुधवारी चौथा. गुरुवारी पाचवा, शुक्रवारी तिसरा, शनिवारी दुसरा. आणि पुढच्या आठवड्यातही हेच, त्याच्या पुढच्यातही हेच. मी वहीत उतरवून घेतलं. एक, सहा, चार, पाच, तीन, दोन. एकतीस वर्षं मी चोऱ्या पकडल्या आहेत. चोर कधीही सरळ रेषेत चोरी करत नाही.

"हे रिकामे का?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

विनुताबाई फॉर्मला टाचणी लावत म्हणाल्या, "मागणी नाही, सर."

सगळ्या दिवशी सगळ्या स्लॉटना मागणी आणि नेमक्या एकाला नाही! बाई हसल्याही नाहीत. इथे नक्की पाणी मुरत होतं.

घरी येऊन मी वही सुब्रमण्यमांपुढे ठेवली. ते आकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "व्हीआयपी कोटा." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "नाही, परीक्षेचे पेपर छापत असतील आत. आवाज बाहेर जात नाही ना." तिसऱ्या दिवशी त्यांनी आकड्यांची बेरीज केली. ती एकवीस आली, आणि एकवीस म्हणजे काहीतरी असतं एवढंच ते सांगू शकले. शेवटी आम्ही ठरवलं की स्वतः जाऊन बघायचं. बुधवारी, चौथ्या स्लॉटच्या वेळी.

आम्ही घरून साडेअकराला निघालो. "बारा वाजायच्या आत घर सोडू या, राव सार," असं सुब्रमण्यम म्हणाले आणि मी "अर्थातच" म्हणालो. हे वाक्य इथे लिहून ठेवतो, कारण पुढे ते मला फार लागलं. लायब्ररीत वर्तमानपत्रांच्या टेबलाशी आम्ही दोघं बसलो, तोंडासमोर पेपर धरून. समोर स्टुडिओचं जाड दार. बारा वाजता वीणावाले बाहेर आले. दाराला कुलूप लागलं. साडेबारा झाले. एक झाला. कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही, दिवा लागला नाही. सुब्रमण्यमांना डुलकी लागली आणि त्यांचा पेपर माझ्या मांडीवर घसरला. दीड वाजता कुलूप निघालं आणि नाटक विभाग आत गेला.

काहीही घडलं नव्हतं. यामुळे माझा संशय पक्का झाला. ज्यांना खरोखर काही लपवायचं असतं ते काहीही घडू देत नाहीत.

मी थेट कुलसचिवांना पत्र लिहिलं. चार पानांचं. तक्त्यावरच्या रिकाम्या चौकोनांचा क्रम सोबत जोडला, त्याला 'परिशिष्ट अ' म्हटलं. जनतेच्या पैशाने उभारलेल्या स्टुडिओतले रोजचे दीड तास कोणासाठी राखून ठेवले जातात, असा सवाल केला. माहितीच्या अधिकारात अर्ज करीन असंही कळवलं. उत्तर यायला महिना लागला तर काकूचे दात जातील, हे मात्र कळवलं नाही.

आठवड्यानंतर बोलावणं आलं. एका लांब टेबलाभोवती पाच माणसं बसली होती. विनुताबाई, एक उपकुलसचिव, दोन लेखनिक आणि स्टुडिओचा इंजिनिअर प्रणवेश. प्रणवेश चाळिशीचा, शांत माणूस, गळ्यात हेडफोन. पाचही जण माझ्याकडे बघत होते आणि एकमेकांकडे बघायचं टाळत होते.

"तुम्हाला तो स्लॉट पाहिजे का, सर?" उपकुलसचिवांनी विचारलं.

मी म्हणालो, "मला कारण पाहिजे."

"फाइलवर कारण आहे. मागणी नाही."

"खरं कारण?"

पाचही जण पंख्याकडे बघू लागले. मग विनुताबाई हळूच म्हणाल्या, "लेखी देता येत नाही, सर."

झालं! माझी खात्री पटली. मी टेबलावर बोट आपटून म्हणालो, "तर मग तो स्लॉट मला द्या. येत्या मंगळवारचा, सहावा." मला वाटलं आता खळबळ माजेल. पण उपकुलसचिवांनी आनंदाने सही केली, लेखनिकाने शिक्का मारला, आणि प्रणवेशने मला दारापर्यंत सोडलं. जाताना म्हणाला, "तुम्ही पहिलेच, सर." व्यवस्थेला एका निवृत्त माणसाने नमवलं होतं. मी तिरुवैयारूच्या अशोका हलव्याची पुडी घेऊन घरी आलो.

मंगलाने हलवा बाजूला ठेवला आणि कागद वाचला. आकडे वाचायच्या आधी ती वेळ वाचते. मी हे चाळीस वर्षांत शिकलो नाही.

"मंगळवार, तीन तें साडेचार," ती म्हणाली.

"सहावा स्लॉट," मी म्हणालो.

"अहो. मंगळवारीं तीन तें साडेचार राहुकाळ."

तिने भिंतीवरची दिनदर्शिका काढली आणि एकेका वारावर बोट ठेवत गेली. सोमवारी साडेसात ते नऊ, म्हणजे पहिला स्लॉट. बुधवारी बारा ते दीड, चौथा. गुरुवारी पाचवा. शुक्रवारी तिसरा. शनिवारी दुसरा. लायब्ररीचे स्लॉट दीड तासाचे, राहुकाळही दीड तासाचा. तंजावर जिल्ह्यात राहुकाळात कोणी नवीन काम सुरू करत नाही, मग वीणेचं रेकॉर्डिंग कोण करणार? आणि सरकारी संस्था फाइलवर 'राहुकाळ' लिहिणार कशी? म्हणून मागणी नाही.

मी, ज्याने जन्मात राहुकाळात केससुद्धा कापले नाहीत, तो त्या पाच माणसांसमोर टेबल आपटून राहुकाळ मागून आलो होतो. लिहून घेतला होता, शिक्क्यासह. आणि पाळत ठेवायला गेलो त्या बुधवारी आम्ही दोघं साडेअकराला घरून निघालो ते का, तर सवयीने, राहुकाळ लागायच्या आत! पायांना माहीत होतं, डोक्याला नव्हतं. मंगला हसली नाही. ती हसली असती तर बरं झालं असतं.

स्लॉट बदलून मिळणं शक्य नव्हतं. बाकी सगळे भरलेले, आणि दात गुरुवारी. मी काकूकडे गेलो. ती कूडममध्ये, म्हणजे मधल्या मोठ्या खोलीत, झोपाळ्यावर पाय सोडून बसली होती.

"राहुकाळांत मी पाळणा सुरू करणार नाहीं," ती म्हणाली. "तोंड उघडायची नाहीं. वेंडाम."

"काकू, दात..."

"दात गेले तर गेले. वेळ पाहिल्याशिवाय मी काहींही केलें नाहीं. एकदां वेळ चुकली कीं चुकली." हे म्हणताना ती माझ्याकडे न बघता झोपाळ्याच्या कडीकडे बघत होती. मला वाटलं, रागावली.

मार्ग काढला सुब्रमण्यमांनी, आणि त्यांच्या आयुष्यातला हा एकमेव सल्ला जो कामाला आला. "राहुकाळात सुरू करायचं नाही. पण आधी सुरू केलेलं चालू ठेवायला हरकत काय? आम्ही घर बांधताना राहुकाळाआधी एक वीट ठेवली आणि मग दिवसभर काम केलं. काकूंना घरीच सुरू करू द्या, तीनच्या आत. गात गात या."

काकूने विचार केला. मग अटी घातल्या. मध्ये थांबायचं नाही. मध्ये कोणाशी बोलायचं नाही. श्वास घ्यायची परवानगी आहे, पाणी प्यायची नाही. पुरुषांनी ऐकायचं नाही. ऑटोवाला तमिळ, त्याला कळत नाही, म्हणून तो चालेल. मी स्कूटरवर मागून यायचं. आणि स्टुडिओतला माणूस?

"तो काचेच्या पलीकडे बसतो," मी म्हणालो. "मीही तिथेच. तिण्णैवर बसल्यासारखं."

"काच जाड आहे कीं नाहीं?"

"फार जाड." हे खरं होतं. काचेपलीकडे हेडफोन असतो, एवढं मी सांगितलं नाही.

मंगळवारी दोन पन्नासला काकू हिरवी नऊवारी नेसून पायरीवर उभी राहिली, देवाला हात जोडले आणि पहिलं कडवं सुरू केलं, आमच्या कोणा पणजोबांचं, जे अंघोळीला घाबरत. गातच ऑटोत बसली. शेजारी मंगला. मी स्कूटरवर मागे. मंगलाशी ठरलं होतं की दर कडव्याला तिने खिडकीतून हात बाहेर काढून बोटं दाखवायची. सतरा व्हायच्या आत स्टुडिओत पोचलो नाही तर माझं कडवं रस्त्यावरच्या धुळीत जाणार होतं. ही बोटं मला कशाला पाहिजेत हे मंगलाने विचारलं नाही, याचं मला तेव्हा नवल वाटलं नाही.

बसस्टँडपाशी चार बोटं. पुलावर सहा. मग एक पापनाशमची बस आडवी आली, तिला मागे घ्यायला एक बैलगाडी हटेना, आणि बोटं आठ झाली, नऊ झाली. मी हॉर्न वाजवला. ऑटोतून मंगलाने दोन्ही हात बाहेर काढले, दहा. ऑटोवाला वळून वळून मागे बघत होता आणि मान डोलावत होता. त्याला अर्थ कळत नव्हता, पण ताल लागला होता. मला मात्र शंका आली की याला जरा जास्तच कळतंय.

युनिव्हर्सिटीच्या फाटकावर पहारेकऱ्याने रजिस्टर पुढे केलं. "अम्मा, पेरू?" काकू गातच राहिली. "अम्मा, तुमचं नाव!" काकूने त्याच्या तोंडासमोर तेरावं कडवं म्हटलं. मी स्कूटर टाकून धावलो, तिघांची नावं लिहिली, कामाच्या रकान्यात 'चालू आहे' लिहिलं.

स्टुडिओला जायची वाट वाचनालयाच्या मोठ्या दालनातून. दीडशे विद्यार्थी माना खाली घालून बसलेले, भिंतीवर जागोजाग 'शांतता राखा'. त्यातून शहाऐंशी वर्षांची बाई काठी टेकत, माझ्या आत्याने लहानपणी मांजराला कसं लुगडं नेसवलं ते खड्या आवाजात सांगत चालली होती. मी कानांवर हात ठेवून दहा पावलं पुढे. मान वर केली नाही असा एकही विद्यार्थी उरला नाही. विनुताबाई ओठांवर बोट ठेवून धावत आल्या.

"मॅडम, प्लीज! इथे गाता येत नाही!"

मंगला त्यांच्या कानाशी लागली. "राहुकाळाआधीं सुरू केलंय. थांबतां येत नाहीं."

आणि ज्या बाईंनी मला तीन प्रतींत फॉर्म भरायला लावला, त्यांनी एक अक्षर न बोलता कमरेची किल्ली काढली, कर्मचाऱ्यांचं जवळचं दार उघडलं आणि स्वतः काकूची काठी धरली. "आधी सांगायचं ना, सर," त्या मला म्हणाल्या. मंगलाची बोटं सोळा.

स्टुडिओत प्रणवेश तयार होता. "अम्मा, आधी माइक तपासू या, मग पहिल्यापासून..." मी, मंगला आणि दारातल्या विनुताबाई, तिघंही एकदम "नाही!" म्हणून ओरडलो. त्याने घाईने काकूच्या कानांवर हेडफोन चढवला, बटण दाबलं, लाल दिवा लागला, जाड दार बंद झालं. काचेच्या अलीकडे मी, मंगला आणि प्रणवेश. मी दुसरा हेडफोन उचलून कानाला लावला. मंगलाने बघितलं.

कानात काकू रघुरामाचं कडवं म्हणत होती, अगदी माझ्या डोक्याच्या आत. कडवं संपलं. मी श्वास धरला.

शांतता. काकूने डोळे मिटले. एक श्वास घेतला, सोडला. मग राजलक्ष्मी.

मी हेडफोन टेबलावर आपटला. "बघ! पुन्हा गाळलं! आता तर मी ऐकतोय हेही तिला माहीत नाही, तरी गाळलं! असं काय आहे त्यात? मी चोर आहे? कुरूप होतो? सहासष्ट वर्षं तुम्ही सगळ्या बायका आत बसून मला हसताय!"

प्रणवेश खुर्ची सरकवून भिंतीला लागला. मंगला शांतपणे म्हणाली, "गाळलं नाहीं. तुमचें कडवें नाहींच."

"म्हणजे?"

"तुमच्या अम्मा गेल्या तेव्हां तुम्ही आठ दिवसांचे. बाराव्या दिवशीं घरांत सुतक. त्यांत पाळणा कसा म्हणायचा? मोठ्या सासूबाई म्हणाल्या, वेळ गेली, आतां नाहीं. काकू तेव्हां वीस वर्षांच्या, नव्या नवरी. त्यांचें कोण ऐकतो? मग दर वेळीं रघुरामानंतर सगळ्या जणी एक श्वास थांबतात. तो तुमचा."

मी बसलो. "मग मला सांगितलं का नाही?"

"काकूंनीं सांगू दिलें नाहीं. म्हणायच्या, त्याला वाटूं दे कीं चिडवतात. रागावला तर जेवतो तरी. खरें कळलें तर जेवायचा नाहीं."

आयुष्यभर मी त्या शांततेवर संशय घेतला होता. दाराआड जमलेल्या बायका मला हसतात असं धरून चाललो होतो, आणि त्या माझ्यासाठी थांबत होत्या. मला इतकी लाज वाटली आणि इतकं रडू आलं की दोन्हींतलं आधी कोणतं आवरावं ते कळेना. प्रणवेशने न विचारता हेडफोन माझ्या कानांवर परत चढवला.

काकू शेवटाला आली होती. लावण्याचं कडवं, सुट्टीत येऊन सगळे हलवे आतून पोखरून ठेवणारी लावण्या. ते संपलं. आता ती थांबेल, म्हणून प्रणवेशने हात बटणाकडे नेला. काकू थांबली नाही. तिने मान उचलून काचेतून सरळ माझ्याकडे, माझ्या कानांवरच्या हेडफोनकडे बघितलं, आणि त्याच चालीत, सूर न तोडता, पुढे गेली.

*अनिरुद्ध आमचा अनिरुद्ध, पाळण्यांत बसतो उठून,*
*डोळा मिटीना, दूध पीना, बघतो वाकून वाकून.*
*दोरीला हात लावला कोणी, पुसतो, हात हा कोणाचा?*
*नीज रे राजा, नीज रे आतां, सांग हा हात कोणाचा?*

तिला हे कडवं जुळवायला वेळ लागला नव्हता. ते तिच्याकडे सहासष्ट वर्षं तयार होतं. वेळ पाहिल्याशिवाय काही न करणाऱ्या बाईने ते मंगळवारी, भर राहुकाळात म्हटलं, आणि म्हणताना तिचा सूर कुठेही कापला नाही.

शेवटची ओळ तिने पुन्हा म्हटली. हात हा कोणाचा? आणि वाट बघत राहिली. पाळण्यातलं मूल उत्तर देत नसतं, पण ती माझ्याकडे बघत होती. प्रणवेशच्या समोर एक बटण होतं, ज्याने इकडचा आवाज तिच्या कानात जातो. रेकॉर्डिंग चालू असताना ते दाबायचं नसतं, असं त्यावर तमिळ आणि इंग्रजी दोन्हींत लिहिलं होतं. मी दाबलं.

"तुझा," मी म्हणालो. "तुझा, काकू."

परवा लायब्ररीचं पत्र आलं, तीन प्रतींत. कळवलं आहे की अर्ध्यातून सुरू होत असलं तरी एकूण रेकॉर्डिंग चांगलं झालं आहे. मात्र अगदी शेवटी एका पुरुषाचा घोगरा, अस्पष्ट आवाज शिरला आहे आणि गाण्याच्या दृष्टीने तो दोष आहे. संग्रहात ठेवण्यापूर्वी तो काढून टाकावा का, याबाबत आपलं म्हणणं लेखी कळवावं. मी तिन्ही प्रतींवर लिहून, सही करून, स्वतः नेऊन दिलं: काढू नये.